यशयाने पाहिलेला राजा

इ. स. पूर्व ७३४ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमच्या तटाबाहेर, परिटांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, एक तरुण राजा पाण्याच्या पाटापाशी आला होता. त्याचे नाव आहाज. गादीवर बसला तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. उत्तरेकडून दोन राजे, दमास्कसचा रसीन आणि शोमरोनचा पेकह, हातमिळवणी करून त्याच्यावर चालून येत होते. आहाजला पदच्युत करायचे आणि आपल्या हातातले बाहुले त्या गादीवर बसवायचे, असा त्यांचा बेत होता. राजवाड्यात आणि बाजारात सारखीच घबराट पसरली होती. वेढा पडलाच तर पाणी किती दिवस पुरेल, ही विवंचना घेऊन राजा तेथे आला असला पाहिजे.

त्या वाटेवर त्याला एक माणूस आडवा आला. बरोबर एक मुलगा होता. मुलाचे नाव शआर-याशूब, म्हणजे ‘उरलेसुरले परत येतील’. पोटच्या पोराला असे नाव ठेवणारा बाप साधा नव्हे हे उघड आहे. तो होता आमोजाचा मुलगा यशया. त्याने राजाला सांगितले की, स्वस्थ राहा, भिऊ नको. हे दोघे राजे म्हणजे विझत आलेली कोलिते आहेत, धूर काढतील एवढेच. आणि ज्या धातूपासून ‘आमेन’ हा शब्द आला, त्याच धातूवर श्लेष साधून त्याने राजाला बजावले की, विश्वास ठेवणे आणि टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता, यशया हा हिब्रू लोकांचा ‘नावी’, म्हणजे संदेष्टा होता असे म्हटले की आपल्या मनात पंचांग उघडून बसलेला ज्योतिषी उभा राहतो. ही कल्पना प्रथम दूर केली पाहिजे. नावी हा ग्रह पाहत नाही, मुहूर्त काढून देत नाही आणि राजाला रुचेल ते बोलणे तर त्याला बिलकूल जमत नाही. भविष्य त्याच्या तोंडी येते खरे, पण ते वैद्याच्या तोंडी येते तसे. पथ्य मोडलेस तर हे असे होईल, पाळलेस तर तसे होईल. बोलणे सारे समोर बसलेल्या रोग्याशी. यशयाची भाकिते पुढे साऱ्या जगाने आपापल्या परीने वाचली. पण ती बोलली गेली ती एका विशिष्ट शहरात, विशिष्ट राजांच्या तोंडावर. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्या पुस्तकातल्या पुष्कळशा गाठी आपोआप सुटतात.

त्याला हे काम मिळाले त्याची हकीकत त्यानेच सांगितली आहे. उज्जीया राजा मेला त्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ७४० च्या आसपास, मंदिरात त्याला उंच सिंहासनावर बसलेला देव दिसला. उज्जीयाने दीर्घकाळ राज्य केले आणि अखेरीस कोड भरल्यामुळे वेगळ्या घरात दिवस काढले. पृथ्वीवरचे सिंहासन रिकामे पडले त्याच वर्षी यशयाला दुसरे सिंहासन दिसावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सहा सहा पंखांचे सराफीम देवाच्या पावित्र्याचा त्रिवार घोष करीत होते, उंबरठे हादरत होते आणि मंदिर धुराने भरले होते. यशयाला आनंद झाला नाही, तो घाबरला. आपले ओठ विटाळलेले आहेत, असे तो ओरडला. तेव्हा एका सराफाने वेदीवरचा जळता निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावला. कोणाला पाठवावे असा प्रश्न झाला आणि हा पुढे सरसावला. पण जो निरोप मिळाला तो मोठा विलक्षण होता. तू बोलत राहा, लोक ऐकतील आणि त्यांना कळणार नाही. कुठवर, असे त्याने विचारले. गावे ओस पडेपर्यंत, असे उत्तर मिळाले. तोडलेल्या झाडाचा बुंधा तेवढा उरेल आणि त्या बुंध्यात बीज असेल. हा बुंधा वाचकांनी लक्षात ठेवावा.

त्या दर्शनानंतर देवाला तो पुन्हा पुन्हा एकाच नावाने संबोधतो: इस्राएलाचा पवित्र प्रभू. पावित्र्य म्हटले की आपल्याला सोवळे आठवते. यशयाचा देव सोवळ्याला भुलणारा नव्हता. बैल धन्याला ओळखतो, माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. यज्ञांचा त्याला कंटाळा आला होता, सणावारांचे ओझे झाले होते आणि जोडलेल्या हातांकडे तो पाहत नव्हता, कारण त्या हातांना रक्त लागलेले होते. पोरक्याला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या, मग देवळात या, असा त्याचा हिशेब. घराला घर आणि शेताला शेत जोडीत जाणाऱ्या सावकारांवर यशया तुटून पडतो. एका ठिकाणी तर त्याने द्राक्षमळ्याचे गाणे रचून लोकांना आधी गुंगवले आणि मग फटका मारला. मळेवाल्याने ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची अपेक्षा केली, हाती आला ‘मिस्पाख’ म्हणजे रक्तपात. अपेक्षा ‘त्सदाका’ म्हणजे नीतीची, कानी आला ‘त्सआका’ म्हणजे आक्रोश. एकेका अक्षराच्या फरकाने अर्थ उलटा करणारी ही कोटी दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे पाण्याची मोट बांधणे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. अशा जागी त्या किती वेळ थबकल्या असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आहाजकडे परत येऊ. तुला हवी ती खूण माग, खाली पाताळातली किंवा वर आकाशातली, असे यशयाने त्याला सांगितले. राजाने मोठ्या भाविकपणे नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे बरे नव्हे, असे म्हणाला. वस्तुतः त्याचा बेत आधीच ठरला असावा. मंदिरातले सोनेरुपे काढून अश्शूरच्या सम्राटाला, तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरला, पाठवायचे आणि त्याचे सैन्य बोलवायचे. ज्याला लाच चारायची ठरवली आहे त्याला श्रद्धेचे भाषण करायला अडचण पडत नाही. तेव्हा यशया संतापला आणि त्याने न मागितलेली खूण दिली. एका तरुणीला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल म्हणजे ‘देव आम्हांबरोबर’ असे ठेवले जाईल आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याच्या आत त्या दोन्ही राजांचे देश ओस पडतील.

या एका वाक्यावर जगात जितका वाद झाला तितका क्वचितच दुसऱ्या वाक्यावर झाला असेल. मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’, म्हणजे वयात आलेली तरुणी. इ. स. पूर्व काळातच हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा त्या जागी ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी हा शब्द पडला. मत्तयाने येशूच्या जन्माची कथा लिहिताना ग्रीक शब्दच हाताशी धरला आणि यशयाचे बोल मरियेला लागू केले. ज्यू म्हणत राहिले की, तुम्ही शब्द चुकीचा वाचता. ख्रिस्ती म्हणत राहिले की, तुम्ही डोळे मिटून वाचता. माझ्यापुरते विचाराल तर, शत्रू वेशीपाशी आला असता सात शतकांनंतरच्या जन्माची वार्ता आहाजच्या काही उपयोगाची नव्हती. खूण त्याच्यासाठी होती आणि ती त्याच्या काळातच पडली असली पाहिजे. पण म्हणून मत्तयाने ती उचलली हा कपटाचा प्रकार होता असेही नाही. उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. आणि देव आम्हांबरोबर आहे हे नाव एका मुलापाशी संपावे असे ते नावच नव्हते.

आहाजने अश्शूरला बोलावले. इ. स. पूर्व ७३२ मध्ये दमास्कस पडले. रसीन मारला गेला आणि पेकहचा त्याच्याच माणसाने खून केला. यशयाचे बोलणे खरे ठरले आणि आहाजचे राजकारणही यशस्वी झाल्यासारखे दिसले. फक्त त्याची किंमत चुकवायची राहिली होती. आहाज दमास्कसला जाऊन सम्राटापुढे वाकला, तेथली एक वेदी त्याच्या मनात भरली आणि तिचा नमुना त्याने यरुशलेमच्या मंदिरात बांधवून घेतला. उत्तरेचा गालील प्रांत अश्शूरने गिळला. दहाएक वर्षांनी शोमरोनही पडले आणि तेथले लोक दूर देशी हाकलले गेले.

अश्शूरच्या टाचेखाली गेलेल्या त्या गालीलकडे पाहूनच यशयाने आपले सर्वांत उजेडाचे काव्य रचले. काळोखात चाचपडणाऱ्यांना प्रकाश दिसला आहे, जू मोडले आहे, सैनिकांचे बूट आणि रक्ताने भिजलेले कपडे जळणात गेले आहेत. कारण एक बाळ जन्मले आहे आणि राज्य त्याच्या खांद्यावर आहे. त्या बाळाला चार भारदस्त नावे दिली आहेत. पुष्कळ पंडितांचे म्हणणे असे की, त्या काळी राज्याभिषेकाच्या वेळी राजाला अशीच बिरुदे देत आणि यशयाच्या डोळ्यांसमोर आहाजचा मुलगा हिज्कीया असावा. मला हे म्हणणे पटते. बापाने निराशा केली की माणूस मुलाकडे पाहतो.

हिज्कीया बापापेक्षा पुष्कळच चांगला निघाला. पाण्याची जी काळजी बापाला पाटापाशी घेऊन आली होती ती मुलाने मिटवली. गीहोनच्या झऱ्याचे पाणी शहरात आणण्यासाठी त्याने खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदवला. कामगारांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत निघाल्या आणि एकमेकांचे आवाज ऐकत मधोमध भेटल्या. त्या भेटीची हकीकत सांगणारा शिलालेख १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सापडला. तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. लेखात राजाचे नाव नाही, कुदळींच्या आवाजाची नोंद आहे. यशयाने मात्र तलावांकडे पाहणाऱ्या यरुशलेमकरांना सुनावले की, पाणी साठवलेत, पण ज्याने हे सारे घडवले त्याच्याकडे पाहिले नाही. मिसरशी म्हणजे इजिप्तशी संधान बांधण्याची कुजबुज सुरू झाली तेव्हा तर तो तीन वर्षे उघडा आणि अनवाणी फिरला. मिसरवर भरवसा ठेवाल तर तुम्हालाही असेच कैदी होऊन चालावे लागेल, हे दाखवण्यासाठी. घरच्यांचे काय झाले असेल ते सांगण्याची ग्रंथाला गरज वाटलेली नाही.

इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब आला. आपल्या लेखात तो म्हणतो की, त्याने यहूदाची ४६ तटबंदीची गावे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा त्याच्या राजधानीत कोंडला. लाखीश शहर त्याने कसे पाडले त्याची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गाडीवर बोचकी बांधून निघालेली बायकामुले त्यात दिसतात. तीस तालांत सोने खंडणीत गेले. पण यरुशलेम घेतले असे सन्हेरीब कोठेही म्हणत नाही. बायबलाच्या मते देवदूताने एका रात्रीत त्याची छावणी कापून काढली. हिरोडोटसने मिसरमध्ये ऐकलेल्या कथेत उंदरांनी सन्हेरीबच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. काही असो, शहर वाचले.

मग हाच का तो राजा? यशयाला तसे वाटले असते तर पुस्तक तेथेच संपले असते. बाबेलचे वकील आजारी हिज्कीयाच्या समाचाराला आले आणि राजाने मोठ्या कौतुकाने त्यांना सारा खजिना उघडून दाखवला. यशयाने विचारले, काय काय पाहिले त्यांनी? सारे, असे राजा म्हणाला. हे सारे एके दिवशी बाबेलला जाईल आणि तुझ्या वंशातले काही तेथे राजवाड्याचे चाकर होतील, असे यशयाने सांगितले. यावर राजाने जो विचार केला त्याने माझ्यातल्या कादंबरीकाराला अनेकदा थांबवले आहे. निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील, असा तो विचार होता. राजा चांगला, भाविक, कर्तबगार. आणि तरीही एवढाच.

म्हणून अकराव्या अध्यायातले राजाचे चित्र मला सगळ्यांत परिपक्व वाटते. येथे सिंहासन नाही, बिरुदे नाहीत. दावीदचे घराणे म्हणजे तोडलेले झाड आणि दावीदचा बाप इशाय हा साधा खेडूत. त्याच्या बुंध्याला एक कोंब फुटतो. तो डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर न्याय करीत नाही आणि दुबळ्यांचा वाली होतो. लांडगा कोकरापाशी राहतो आणि लहान मूल त्यांना हाकीत नेते. तलवारींचे नांगर करण्याची प्रसिद्ध कल्पनाही यशयाच्याच पुस्तकात आहे, जवळजवळ त्याच शब्दांत ती मीखा संदेष्ट्याकडेही आढळते. त्या कल्पनेचा पुतळा तत्कालीन सोव्हिएत संघाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या आवारात भेट दिला. तीनच वर्षांपूर्वी त्यांचे रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांतून फिरले होते.

हिज्कीयाच्या मुलाने, मनश्शेने, यशयाला करवतीने कापवले, अशी ज्यूंची परंपरा सांगते. यशया गेला, पण पुस्तक थांबले नाही. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलने यरुशलेम जाळले आणि लोक बंदिवासात गेले. चाळिसाव्या अध्यायापासून जो आवाज ऐकू येतो तो या बंदिवानांशी बोलतो. अश्शूर तेथे नाही, बाबेल आहे. बाराव्या शतकात इब्न एझ्रा या ज्यू पंडिताने याबद्दल दबक्या आवाजात शंका घेतली होती आणि १८९२ मध्ये बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने एक नव्हे तर तीन यशया मानले. श्रद्धावंत अजूनही एकच मानतात. मला दोन हात उघड दिसतात. पण ज्याने पहिल्याच्या वहीत पुढे लिहायला घेतले त्याने त्या वहीचा धागा सोडला नाही, हेही तितकेच उघड आहे.

या दुसऱ्या कवीचा आरंभच सांत्वनाने होतो. मंदिरनाशाच्या उपवासानंतर येणाऱ्या शब्बाथाला जगभरच्या सिनेगॉगमधून हा भाग वाचतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे एके काळी शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांनी, मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. तेही या वाचनाच्या परंपरेत आहेत.

आणि त्याच्या पुस्तकात एक आश्चर्य आहे. ‘मसीहा’ हा शब्द हिब्रू ‘माशिआख’वरून आला, त्याचा अर्थ तेलाचा अभिषेक झालेला. मसीहाच्या आशेसाठी ज्या ग्रंथाचा सर्वांत अधिक आधार घेतात, त्या यशयाच्या सबंध ग्रंथात हे नाम एकदाच आले आहे, आणि तेही दावीदच्या वंशजाला उद्देशून नव्हे. ते इराणच्या कोरेश राजाला दिले आहे. परक्या देशाचा, परक्या धर्माचा, यहोवाचे नावही न जाणणारा माणूस. पण तो बंदिवानांना सोडतो म्हणून अभिषिक्त! इ. स. पूर्व ५३९ मध्ये कोरेश बाबेलमध्ये शिरला. १८७९ मध्ये तेथे सापडलेल्या त्याच्या मातीच्या लेखात म्हटले आहे की, कोरेशची निवड बाबेलच्या मर्दुक देवाने केली. हिब्रू कवी म्हणतो, यहोवाने केली. ज्यूंचे नाव त्या लेखात नाही. हा मातीचा दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात मुंबईला आला होता आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काही आठवडे ठेवला होता. हातभरही लांबी नसलेली ती वस्तू. तिच्या मागे मर्दुकाचे पुजारीही उभे आहेत आणि सियोनचे कवीही.

कोरेशही गेला. मग या कवीने जो माणूस उभा केला तो राजा नाहीच. तो सेवक आहे. चार काव्यांतून त्याचे चित्र येते. तो रस्त्यात आवाज चढवीत नाही, दबलेला बोरू मोडीत नाही. शेवटच्या काव्यात त्याला रूप नाही, लोक त्याच्यापासून तोंड फिरवतात; दुसऱ्यांचे अपराध त्याच्या अंगावर येतात आणि कापायला नेलेल्या कोकरासारखा तो मुकाट राहतो. सिंहासनापासून सुरू झालेली वाट येथवर आली आहे.

हा सेवक कोण? ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून हेच काव्य वाचीत चालला आहे आणि तो फिलिप्पाला विचारतो की, कवी हे स्वतःबद्दल म्हणतो की दुसऱ्या कोणाबद्दल? याहून नेमका प्रश्न कोणत्याही टीकाकाराने विचारलेला नाही. फिलिप्पाने उत्तर दिले: येशू. अकराव्या शतकातल्या राशीने उत्तर दिले: हालअपेष्टा सोसणारे इस्राएल. जुन्या अरामी भाषांतराने सेवकाला मसीहा म्हटले, पण दुःखे मात्र इतरांच्या वाट्याला घातली. मध्ययुगात हा प्रश्न रथात बसून विचारण्याचा राहिला नाही. १२६३ मध्ये बार्सिलोनाला अरागॉनच्या राजासमोर मोझेस बेन नहमान या रब्बीला, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या एका साधूशी वाद करावा लागला. तेथेही हे काव्य निघाले. नहमानने यशयाचाच दाखला उलटा टाकला: मसीहा येऊन गेला असेल तर तलवारींचे नांगर का झाले नाहीत? येशूपासून आजतागायत जग हिंसेने भरलेलेच आहे. राजाने त्याला बक्षीस दिले. पण पुढे त्याला देश सोडावा लागला आणि १२६७ मध्ये म्हातारपणी तो यरुशलेमला पोचला.

या वादात सारे जण ज्या हिब्रू प्रतींवर विसंबत होते त्या दहाव्या-अकराव्या शतकांपलीकडच्या नव्हत्या. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत बदाऊनी धनगरांच्या हाती कातड्याच्या गुंडाळ्या लागल्या. त्यांतली एक यशयाची, आरंभापासून अखेरपर्यंत सबंध, ७.३४ मीटर लांब, १७ तुकडे शिवून केलेली, ५४ रकान्यांची. वय दोन हजार वर्षांहून अधिक. एका सीरियन बिशपाने ती इतर तीन गुंडाळ्यांसह थोड्याशा पौंडांना विकत घेतली, अमेरिकेला नेली आणि गिऱ्हाईक मिळेना तेव्हा १९५४ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या किरकोळ जाहिरातींत विक्रीला काढली. इस्राएलच्या बाजूने यिगाएल यादीन यांनी मध्यस्थांकरवी चारही अडीच लाख डॉलरला घेतल्या.

अभ्यासकांनी साहजिकच वादाच्या जागा आधी उघडून पाहिल्या. सातव्या अध्यायात शब्द ‘आल्मा’च आहे. चाळिसावा अध्याय बत्तिसाव्या रकान्याच्या तळच्या ओळीत, कसलीही मोकळी जागा न सोडता सुरू होतो. आणि सेवकाच्या काव्यात, जेथे त्याचे सारे दुःख सोसून संपते, तेथे परंपरेच्या हिब्रू प्रतीत म्हटले आहे की तो पाहील. काय पाहील ते सांगितलेले नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात तेथे एक शब्द अधिक होता, पण तो भाषांतरकाराने पदरचा घातला असावा असे म्हणणारे पुष्कळ होते. गुंडाळीत तो शब्द हिब्रूत आहे. तीनच अक्षरांचा शब्द: ओर. प्रकाश.